नदीपलीकडचे नगर : चादरघाट नगरपालिकेची कथा

हैदराबाद शहराच्या इतिहासाची पुस्तके चारमिनारपासून सुरू होतात आणि बहुधा चारमिनारभोवतीच फिरत राहतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या परिसरात येथील मराठी समाजाने घरे केली, वकिली केली, वर्तमानपत्रे वाचली आणि शाळा काढल्या, तो परिसर चारमिनारच्या बाजूचा नव्हे. तो मुसी नदीच्या उत्तर तीरावरचा. कोठी, सुलतान बाजार, जांबाग, गवळीगुडा, काचीगुडा, नामपल्ली ही नावे आज एकाच महानगराचे विभाग म्हणून उच्चारली जातात. एके काळी मात्र नदीच्या या बाजूला स्वतंत्र नगरपालिका नांदत होती. तिचे नाव चादरघाट नगरपालिका. १८८६ ते १९३३ अशी सुमारे सत्तेचाळीस वर्षे ती अस्तित्वात होती. आज ‘चादरघाट’ म्हटले की एक पूल, एक पोलीस ठाणे आणि सायंकाळची वाहनांची कोंडी एवढेच डोळ्यांपुढे येते.

नावाची उत्पत्ती सांगितली जाते ती अशी : मुसीवर येथे एक बंधारा होता. त्याच्या माथ्यावरून पाणी पसरून खाली येताना चादर अंथरल्यासारखे दिसे, म्हणून तो घाट ‘चादरघाट’. मोगल बागांमध्ये उतरत्या दगडी फळीवरून खेळवलेल्या पाण्यालाही ‘चादर’च म्हणत, हे ध्यानात घेतले की ही उपपत्ती पटते. शहराभोवतीच्या तटाला जे दरवाजे होते, त्यांपैकी नदीच्या बाजूच्या एका दरवाजालाही हेच नाव होते. म्हणजे मुळात हे नाव वस्तीचे नव्हे, वाटेचे. शहरातून बाहेर पडून नदी ओलांडण्याच्या जागेचे.

१५९१ मध्ये महंमद कुली कुतुबशहाने वसविलेले हैदराबाद हे नदीच्या दक्षिणेस होते. गोवळकोंड्याहून तिकडे जाण्यासाठी १५७८ मध्ये बांधलेला पुराना पूल तेवढा दोन्ही तीरांना जोडीत असे. अठराव्या शतकात शहराभोवती तट पूर्ण झाला आणि ‘आत’ व ‘बाहेर’ असा भेद दगडात कोरला गेला. आत दरबार, देवड्या, मशिदी, सरदारांचे वाडे. बाहेर बागा, शेते, व्यापाऱ्यांचे तळ, कारवानाच्या पेठा. उत्तर तीराचे भाग्य पालटले ते इंग्रजांच्या वकिलातीमुळे.

निजामाच्या दरबारातील कंपनी सरकारचा वकील, म्हणजे रेसिडेंट, जेम्स अकिलीज कर्कपॅट्रिक याच्यासाठी १८०३ च्या सुमारास नदीच्या उत्तरेस एक भव्य कोठी उभी राहू लागली. नकाशा मद्रास इंजिनियर्समधील सॅम्युअल रसेल याचा, खर्च निजामाचा. बावीस पायऱ्या, पुढे उंच खांबांची रांग, पायथ्याशी दगडी सिंह. खैरुन्निसा या हैदराबादी उमराव घराण्यातील युवतीशी कर्कपॅट्रिकने केलेल्या विवाहामुळे या वास्तूला एक हळवी आख्यायिका चिकटली आहे आणि पर्यटक तीच ऐकायला येतात. नागरी इतिहासाच्या दृष्टीने मात्र या विवाहापेक्षा कोठीच्या कुंपणाबाहेर जे घडले ते अधिक महत्त्वाचे. कोठीभोवती बाजार वसला. त्या बाजारावर निजामाच्या कोतवालाचा नव्हे, तर रेसिडेंटचा अंमल चाले. सावकार, सराफ, कापडवाले यांना हा आसरा सोयीचा वाटला. कारण शहरातील एखादा सरदार कर्जाऐवजी दरडावणी देऊ लागला, तर येथे दाद मागता येई. मारवाडी, गुजराती, तेलुगू कोमटी, मराठी अशा नाना प्रकारच्या लोकांची येथे दाटी झाली. ‘कोठी’ या शब्दाचे तेलुगू उच्चारात ‘कोटी’ झाले आणि बसच्या पाटीवर आजही तेच लिहिलेले असते. मराठी माणसाला तो आकडा वाटतो, हा भाग निराळा.

१८३१ च्या सुमारास कर्नल ऑलिफंट याच्या देखरेखीखाली चादरघाटचा पूल झाला. पुढे तीसेक वर्षांनी निजाम अफजल-उद्दौला याच्या काळात अफजलगंजाचा पूल, म्हणजे ‘नया पूल’, बांधला गेला. दोन नवे पूल झाले आणि नदीपलीकडे राहून शहरात कामाला जाणे ही रोजची गोष्ट झाली. एखादे उपनगर उपनगर केव्हा होते, याचे उत्तर पुष्कळदा पुलाच्या तारखेत सापडते.

या वाढत्या वस्तीने १८५७ चा उठावही पाहिला. त्या वर्षी १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र जमाव रेसिडेन्सीवर चालून गेला. हल्ला परतवला गेला. मौलवी अलाउद्दीन अंदमानात गेले आणि तेथेच वारले. तुर्रेबाज खान पकडला गेला, निसटला आणि अखेर १८५९ मध्ये मारला गेला. त्याचा मृतदेह रेसिडेन्सीच्या परिसरात लोकांना दिसेल असा टांगण्यात आला होता. ज्या रस्त्याने आज मुलेमुली महाविद्यालयात जातात, त्याच भागातील ही हकिकत आहे.

नगरपालिकेचा प्रारंभ १८६९ चा. त्या वर्षी अफजल-उद्दौला निवर्तले आणि अवघ्या अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले. राज्याचा कारभार दिवाण सालारजंग पहिले यांच्या हाती एकवटला. महसूल, न्याय, पोलीस, शिक्षण या सर्वच खात्यांची नव्याने घडी बसविणाऱ्या या मुत्सद्द्याने राजधानीसाठी नगरपालिका व रस्तेदुरुस्ती यांचे स्वतंत्र खाते निर्माण केले. शहराचे चार विभाग करण्यात आले आणि चादरघाट उपनगराचे पाच. सारी व्यवस्था प्रारंभी शहर कोतवालाकडे होती. चोर पकडणाऱ्या अधिकाऱ्यानेच गटारेही पाहावीत, ही आज विचित्र वाटणारी योजना त्या काळात सर्वत्र होती. पुढे शहर आणि चादरघाट अशा दोन मंडळांसाठी नगरपालिका आयुक्त नेमला गेला. तेव्हा शहराचे क्षेत्र सुमारे ५५ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख होती.

शहराचे विभाग चार आणि उपनगराचे पाच, हे आकडे पुष्कळ काही सांगून जातात. तटाबाहेरची वस्ती तोवर तटाच्या आतल्या शहराच्या बरोबरीला आली होती. तिच्या गरजाही निराळ्या होत्या. शहरात अरुंद गल्ल्या आणि जुने हौद. इकडे विखुरलेले बंगले, बागा, मधूनच शेते, मधूनच दाट बाजार. पाण्याचा उगमही एक नव्हता. शहराला मीर आलम तलावाचे पाणी, तर रेसिडेन्सी आणि चादरघाटला हुसेनसागराचे. अखेर १८८६ मध्ये चादरघाटचा कारभार स्वतंत्र अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आला आणि चादरघाट ही वेगळी नगरपालिका झाली. लोक तिला ‘बलदिया’च म्हणत. हैदराबादी बोलीत नगरपालिकेला आजही हाच शब्द आहे आणि सफाईचा झाडू घेऊन येणारा माणूसही ‘बलदियेवाला’च असतो.

ही नगरपालिका लोकनियुक्त नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर नगरपालिकांमधून निवडणुकीचे तत्त्व हळूहळू रुजू लागले होते. पुण्याचा वा नागपूरचा सुशिक्षित गृहस्थ आपल्या नगरपालिकेवर प्रतिनिधी पाठवीत असताना चादरघाटचा तसाच सुशिक्षित गृहस्थ मात्र अर्ज लिहीत बसे. रस्ता, दिवा, नाली, बाजारातील स्वच्छता या सर्वांचा निर्णय अधिकाऱ्याच्या मेजावर होई. अधिकारी चांगला असला की मोहल्ल्याचे भाग्य उघडे, बदलून गेला की पुन्हा अंधार. सत्तेचाळीस वर्षे हा कारभार असाच चालला, आणि तरीही याच भागात हैदराबाद संस्थानातील सार्वजनिक जीवनाने पहिले श्वास घेतले, हे या इतिहासातील खरे नवल आहे.

त्याची कारणे शोधू लागले तर प्रथम डोळ्यांत भरते ती येथील रहिवाशांची जात-जमात नव्हे, तर त्यांचा व्यवसाय. सालारजंगांनी आपल्या नव्या खात्यांसाठी उत्तर हिंदुस्थान, मद्रास, मुंबई, बंगाल येथून शिकलेली माणसे आणविली. जुन्या सरदारांच्या शहरात त्यांना जागा नव्हती, आणि कदाचित मनही रमत नसावे. त्यांनी नदीच्या उत्तरेस बंगले बांधले. १८७४ मध्ये वाडीहून रेल्वे आली, तीही याच बाजूला. १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, तेव्हा नव्या कचेऱ्यांतील उर्दू ही बव्हंशी या बंगल्यांतूनच जात होती. १८८७ मध्ये निजाम कॉलेज सुरू झाले. त्याच्या शैक्षणिक घडणीत ज्यांचे नाव अग्रभागी येते ते डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, याच उत्तर तीरावर राहिले. चांदा रेल्वेच्या योजनेत राज्याचे नुकसान आहे असे जाहीरपणे सांगितल्याबद्दल १८८३ मध्ये त्यांना हैदराबादबाहेर घालविण्यात आले होते. पुढे ते सन्मानाने परत आले. सरकारी खर्चाच्या एका योजनेवर नागरिकांनी एकत्र येऊन प्रश्न विचारावेत, ही गोष्ट हैदराबादेत बहुधा तेव्हा प्रथमच घडली.

दुसरे कारण रेसिडेन्सी बाजाराचे. चादरघाट नगरपालिकेच्या मध्यभागीच रेसिडेंटच्या अंमलाखालचा हा बाजार एखाद्या बेटासारखा होता. रस्त्याच्या एका बाजूला निजामाचा कायदा, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा. इंग्रजांचा कायदा काही फार उदार नव्हता; परंतु संस्थानी कोतवालीची थेट नजर तेथे पोचत नसे आणि दोन अंमलांच्या फटीत थोडा मोकळा वारा वाहत असे. १८९२ मध्ये येथे आर्य समाजाची स्थापना झाली. १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय रेसिडेन्सी बाजारात उघडले. त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपूरला शिकलेले, मराठी नियतकालिकांतून लेखन केलेले गृहस्थ होते. मराठीतील ग्रंथालयांची आणि ज्ञानप्रसाराची चळवळ जवळून पाहिलेल्या या विद्वानाने तीच आस्था तेलुगूच्या सेवेला लावली.

मराठी समाजाचा येथील इतिहासही याच फटीतून उगवतो. निजामाच्या राज्यात मराठी बोलणारे लाखो लोक होते. परंतु ते औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या जिल्ह्यांत. राजधानीत आला तो मुख्यतः वकील, कारकून, शिक्षक, सावकाराचा गुमास्ता. मनमाडपर्यंतचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला आणि हा ओघ वाढला. १९१६ मध्ये काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. औरंगाबाद-परभणीकडून येणाऱ्या माणसाचे पहिले पाऊल चादरघाटच्याच हद्दीलगत पडू लागले. नातेवाईक जवळपासच असत. टांगा फार लांबचा करावा लागत नसे.

परभणी जिल्ह्यातील पूर्जळ या गावी जन्मलेले केशवराव कोरटकर गुलबर्ग्याला वकिली करून हैदराबादेत आले. पुढे ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. वामनराव नाईक हे त्यांचे सहकारी. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हेही तेव्हा चित्रकार म्हणून हैदराबादेत स्थायिक होते; वेदांचे भाष्यकार म्हणून त्यांची कीर्ती नंतरची. अशा मंडळींच्या खटपटीतून १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी राहिली. राज्याची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची इंग्रजी आणि भोवतालची तेलुगू. अशा ठिकाणी मराठी माध्यमाची शाळा काढणे हा व्यवहाराच्या हिशेबात न बसणारा उद्योग होता. नोकरीसाठी मराठीचा काय उपयोग, हा पालकांचा प्रश्न तेव्हाही होता आणि त्याचे उत्तर देणारे शिक्षकही तेव्हा होते. १९२० मध्ये लक्ष्मणराव फाटक यांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक सुरू केले. १९३१ मध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन येथे भरले.

या इतिहासातील एक प्रसंग मराठी स्मरणिकांतून सहसा लिहिला जात नाही. परंतु तो गाळला तर परिसराचा इतिहास अपुरा राहील. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली निजाम राज्य सामाजिक सुधारणा परिषद विवेकवर्धिनीच्या सभागृहात भरली. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे सभेने शांतपणे ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागले, तेव्हा श्रोत्यांतून गलका सुरू झाला आणि त्यांना भाषण पुरे करता आले नाही. सुधारणेच्या परिषदेत, राज्यातील सर्वांत मोठ्या लोकसमूहाच्या भाषेची ही अवहेलना झाली. दुखावलेली तेलुगू मंडळी त्याच रात्री एकत्र जमली आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली आणि तेलंगणातील राजकीय जागृतीचा मोठा प्रवाह सुरू झाला. आपल्या भाषेसाठी इतक्या कष्टाने शाळा काढणाऱ्या समाजाला शेजाऱ्याच्या भाषेचा अभिमान मात्र त्या सायंकाळी ओळखता आला नाही. महर्षी कर्व्यांसारखा अध्यक्ष व्यासपीठावर असूनही हे घडले, याची खंत अधिक. तेलुगू इतिहासकार हा प्रसंग आवर्जून सांगतात. मराठी माणसानेही तो सांगायला हरकत नाही.

नगरपालिकेकडे पुन्हा वळायचे तर १९०८ च्या पुराकडे वळावे लागते. २८ सप्टेंबर १९०८. मुसीच्या पाणलोटात अतोनात पाऊस झाला, वरच्या बाजूचे तलाव एकामागून एक फुटले आणि पहाटे नदी शहरात शिरली. सुमारे १५,००० माणसे दगावली असे मानले जाते. सर्वांत भीषण हानी उत्तर तीरावर, अफजलगंज आणि कोळसावाडीच्या बाजूला झाली. अफजलगंजाचे रुग्णालय कोसळले. त्याच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात अजून आहे. नवे पूल पाण्याखाली गेले, त्यांची मोडतोड झाली. सुमारे तीनशे तीस वर्षांचा पुराना पूल तेवढा उभा राहिला.

पुराच्या पाण्याने नगरपालिकांची हद्द पाहिली नाही. आणि पूर ओसरल्यावर हेच उघड झाले की एका नदीच्या दोन काठांवर दोन नगरपालिका, मध्ये रेसिडेंटचे बेट आणि उत्तरेला सिकंदराबादची छावणी अशा चौघांच्या कारभारात नदीची जबाबदारी मात्र कुणाचीच नव्हती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १९०९ मध्ये पाचारण करण्यात आले. त्यांनी सुचविलेल्या उपायांचा सारांश असा की, पूर शहरात आल्यावर अडविण्यात अर्थ नाही, तो शहराच्या वर अडवला पाहिजे. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० मध्ये आणि ईसा नदीवर हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुरापासून संरक्षण आणि पिण्याचे पाणी ही दोन्ही कामे या जोडतलावांनी केली. हुसेनसागराच्या पाण्यावरील चादरघाटचे अवलंबित्व संपले आणि शहर व उपनगर प्रथमच एका नळाचे पाणी पिऊ लागले.

१९११ मध्ये प्लेगची साथ आली. १९१२ मध्ये नवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी नगरसुधारणा मंडळ स्थापन केले. नामपल्ली भागातील कोंदट वस्त्या हटवून नव्या आखणीची घरे, मल्लेपल्लीसारख्या ठिकाणी वसाहती, नदीकाठच्या बागा, रुंद रस्ते, पुढे भुयारी गटारे ही सारी कामे या मंडळाने केली. ती उत्तम झाली याविषयी दुमत नाही. परंतु त्यामुळे चादरघाट नगरपालिकेचे हात हळूहळू रिकामे झाले. पाणी एका खात्याकडे, गटारे दुसऱ्याकडे, नवे रस्ते मंडळाकडे. नगरपालिकेकडे उरली झाडलोट, दिवाबत्ती आणि कर. ज्या संस्थेवर लोकांनी निवडून दिलेला एकही आवाज नाही, तिची कामे काढून घेतली जाताना तक्रार तरी कोण करणार?

शिवाय गुरुत्वमध्यच सरकला होता. मीर उस्मान अली खान स्वतः जुन्या शहरातील राजवाडा सोडून उत्तरेकडील किंग कोठीत राहू लागले. नामपल्लीचे स्थानक, अबिद्सची दुकाने, काचीगुड्याचे स्थानक, शाळा-महाविद्यालये सारी या बाजूला. ‘शहर’ कोणते आणि ‘उपनगर’ कोणते हे सांगणे कठीण व्हावे अशी स्थिती आली, आणि दोन बलदिया ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही. शहर नगरपालिकेचे क्षेत्रही १९२१ पर्यंत ८४ चौरस किलोमीटर झाले होते.

१९३३ मध्ये चादरघाट नगरपालिका हैदराबाद नगरपालिकेत विलीन झाली. हैदराबाद नगरपालिका कायद्याने नव्या महापालिकेला वैधानिक दर्जा दिला आणि १९३४ मध्ये तिच्या पहिल्या निवडणुका झाल्या. म्हणजे चादरघाटच्या नागरिकाला नगरप्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला तो चादरघाट नगरपालिका बुडाल्यानंतर. त्याच १९३३ मध्ये रेसिडेन्सी बाजारही निजामाला परत करण्यात आले आणि त्यांचे नामकरण ‘सुलतान बाजार’ असे झाले. नकाशा नीटस झाला. परंतु दोन अंमलांमधील ती फटही बुजली. सभेसाठी आगाऊ परवानगी मागावी लागणे, वक्त्यांची नावे कळविणे, ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ नावाच्या कुप्रसिद्ध परिपत्रकाचा जाच हे सारे आता सुलतान बाजारातील सभागृहांच्याही वाट्याला आले. शाळा, वाचनालये, व्याख्यानमाला यांना राजकारणाचा आडोसा म्हणून पाहिले जाऊ लागले. आणि तो संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येणार नाही.

त्यानंतरचा क्रम थोडक्यात सांगता येतो. सीमेवरच्या टेकड्यांसाठी १९३७ मध्ये जुबिली हिल्स नगरपालिका झाली, १९४५ मध्ये सिकंदराबादची. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले. १९५० च्या कायद्याने हैदराबाद आणि सिकंदराबाद अशा दोन महापालिका ठरल्या, जुबिली हिल्स हैदराबादेत मिसळले आणि १९५१ मध्ये निवडणुका झाल्या. ऑगस्ट १९६० मध्ये सिकंदराबादचेही विलीनीकरण झाले. मधल्या काळात रेसिडेन्सीची कोठी रिकामी झाली होती. १९४९ मध्ये तेथे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले आणि कर्कपॅट्रिकच्या दरबारदालनात मुलींची बाके लागली. आता तेथे महिला विद्यापीठ आहे.

मराठी समाजाच्या दृष्टीने याहून मोठा बदल १ नोव्हेंबर १९५६ चा. भाषावार पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला, गुलबर्गा, रायचूर, बिदर म्हैसूरकडे आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. कालपर्यंत ज्या राज्याच्या मोठ्या भागाची भाषा मराठी होती, त्याच राजधानीत मराठी माणूस एका दिवसात भाषिक अल्पसंख्य ठरला. पुष्कळ कुटुंबे औरंगाबाद, नांदेडकडे गेली. सरकारी कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. वर्गातील बाके कमी झाली. जी कुटुंबे राहिली, त्यांनी मुलांना मराठीत शिकविण्याचे थांबविले नाही. मुले घरी मराठी, गल्लीत दख्खनी उर्दू आणि दुकानात तेलुगू बोलत मोठी झाली, आणि तिन्ही भाषांत चुकत-माकत का होईना, भांडू शकत होती.

एप्रिल २००७ मध्ये शहराभोवतालच्या बारा नगरपालिका एकत्र करून बृहत् हैदराबाद महापालिका झाली. कुकटपल्ली, मलकाजगिरी, उप्पल, लाल बहादूर नगर, राजेंद्रनगर ही त्यांतील काही नावे. क्षेत्र सुमारे ६५० चौरस किलोमीटरवर गेले. चादरघाटला १९३३ मध्ये जे झाले तेच या नगरपालिकांना त्र्याहत्तर वर्षांहून अधिक काळाने झाले. फरक एवढाच की यांच्या नागरिकांनी निदान आपले नगरसेवक काही काळ स्वतः निवडले होते, आणि तक्रार घेऊन जाण्याचे कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर होते.

चादरघाटच्या जुन्या पुलाजवळ एक खालच्या पातळीचा पूलही आहे. उस्मानसागर आणि हिमायतसागर काठोकाठ भरून त्यांचे दरवाजे उघडले की हा खालचा पूल वाहतुकीला बंद करावा लागतो आणि नदीपात्रालगतच्या मूसानगर, शंकरनगर या वस्त्यांतील कुटुंबांना जवळच्या शाळांमधून व सभागृहांमधून हलविले जाते. अलीकडच्या वर्षांत असे पुन्हा पुन्हा घडले आहे. तलाव विश्वेश्वरय्यांनी सुचविलेले, पात्रातील घरे मात्र त्यांच्यानंतरची. त्या दिवसांत वर्गातील काही बाके रिकामी असतात, आणि काही वर्गखोल्यांतून बाकांच्या जागी अंथरुणे पसरलेली असतात.